मिठागरावर भरलेला आवाज

सव्वीस वर्षं मी निर्जीव वस्तूंना बोलायला लावलं. फाटकी छत्री, फुटका माठ, गंजलेली सायकल, बंद पडलेलं घड्याळ. दहावीच्या मराठीच्या पेपरात दर वर्षी यातलं कोणीतरी मनोगत सांगायला उभं राहतं आणि माझी साठ-सत्तर पोरं त्याच्या वतीने त्याच चार रडक्या ओळी लिहितात: मी आता म्हातारा झालो, माझ्याकडे कोणी बघत नाही. मी तपासलेली सगळी मनोगतं एकावर एक रचली तर बाळकुमचे टॉवर त्यापुढे खुजे दिसतील. पण खरं सांगते, एवढ्या वर्षांत एकाही छत्रीने स्वतः तोंड उघडलं नव्हतं.

मी "खरं सांगते" म्हटलं की आमच्या शिक्षकखोलीत लोक आधीच हसायला लागतात. त्यांचंही चुकत नाही. डोंबिवलीला आमच्या घरी पाचव्या मजल्यावर मोरीच्या जाळीतून खेकडा वर आला, ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो करंगळीएवढा होता. तीन वर्षांत तो परातीत मावेनासा झाला. मी तरी काय करू? सांगताना गोष्ट अंग धरते. आमच्या गणिताच्या बाई तर माझं बोलून झालं की शांतपणे म्हणतात, "याला दोनने भागा."

पुढचं मात्र कोणी कशानेही भागू नये. यात मी खेकड्याची एक नांगीसुद्धा वाढवलेली नाही. वाढवता आली असती तर बरं वाटलं असतं.

आमची शाळा ठाण्यात, खाडीच्या अंगाला. सकाळची. जिची ही गोष्ट, ती माझ्या दहावीच्या वर्गातली मुलगी बाळकुमच्या जुन्या गावातली, आजा-पणजा मिठागरावर राबलेले. वर्गात बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावरची झोपलेली पोरं उठून बसायची. खाडीला भरती कशी येते ते तिने एकदा असं सांगितलं की मी नकळत साडी घोट्याच्या वर धरली. आणि तीच पोर लिहायला बसली की संपलं. वही अशी दिसायची की मुंग्यांनी शाईत पाय बुडवून मारामारी केलीय. अक्षरं उलटी, काना कुठे, वेलांटी कुठे, आणि तिसऱ्या शब्दाला पहिला शब्द डोक्यातून पसार. डोकं लख्ख, पण डोक्यातून हातापर्यंत यायचा रस्ताच कोणी खणून ठेवलेला.

डॉक्टरांचा दाखला असता तर परीक्षेत तिला लेखनिक मिळाला असता, म्हणजे ती सांगेल ते लिहून घेणारी खालच्या वर्गातली मुलगी. दाखल्यासाठी तपासणीची तारीख मिळाली ती थेट पुढच्या वर्षीची. आणि आमच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक. मुख्याध्यापक त्या फलकाकडे जसं बघतात तसं मी माझ्या लग्नाच्या फोटोकडेही बघत नाही.

"सतरा नंबरचा फॉर्म भरू द्या तिला," ते म्हणाले. म्हणजे शाळेतून नाव काढायचं आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. शाळेचा निकाल स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई आली. समोरच्या टॉवरमध्ये तीन घरी पोळ्या करते; हाताला पीठ तसंच.

"बाय, मोठीचा बी सतरा नंबर भरलेला," ती म्हणाली. "पेपराच्या दिशी घरान बसली ती. बोल्ली, शालेनं नाव काढलंन, आता कंच्या तोंडानं जाव? आता मॉलमदी कपड्यांच्या घड्या घालते. हिला तरी शालेन ऱ्हावू द्या."

मी मुख्याध्यापकांकडे जाऊन इतकं बोलले की भिंतीवरच्या घड्याळाने एक ठोका चुकवला असेल. शेवटी त्यांनीच हात वर केले. "एक पान. एकच. माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने, एका तासात. मला वाचता आलं पाहिजे. पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर सतरा नंबर, आणि मग तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

विषय मीच दिला: ओसाड मिठागराचं मनोगत. म्हटलं, निदान ओळखीचं तरी.

युक्ती साधी होती. माझा जुना फोन तिला दिला. शाळा बंद होत्या त्या काळात मी त्यावरच पोरांसाठी धडे बोलून पाठवायचे. तिने आधी सगळं बोलून भरायचं, मग एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, मग पुढचं. नियम मात्र मी कडक केला. "आवाज तुझा, शब्द तुझे, हात तुझा. माझा फक्त चार्जर. माझा एक शब्द त्यात गेला तर सर म्हणतील बाईंनी लिहून दिलं."

"हो बाई," ती म्हणाली. "पण घरी नाय जमणार. एका खोलीत टीव्ही, शेजारी ड्रिल मशीन. आमच्या आज्याच्या मिठागरावर जाते. तिथं कोण नाय."

पहिले काही दिवस फारसं जमलं नाही. वाक्य लांब, ती थांबवेपर्यंत निसटायचं. मी रोज वही बघायचे आणि रोज तोंड भरून "छान" म्हणायचे. मला सवय आहे.

त्याच आठवड्यात डोंबिवलीला आमच्या गल्लीत संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी भाजीवाल्याशी भेंडीच्या जून असण्यावरून वाद घालत होते. माझा वाद म्हणजे पलीकडच्या इमारतीतली माणसं गॅलरीत खुर्च्या टाकून बसतात. ऐन रंगात आलेले, आणि आवाज गेला. बसला नाही, घोगरा झाला नाही; नळ बंद करावा तसा गेला. मी तोंड उघडझाप करतेय आणि भाजीवाला माझ्याकडे बघतोय. जिभेवर खारट चव. अर्ध्या तासाने आपोआप परत आला. घरात आनंदीआनंद. नवरा म्हणाला, "सव्वीस वर्षांचा खडू घशात बसलाय तुझ्या."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी मुलीने वही पुढे केली. सहा ओळी. वाकड्या, तिरक्या, पण वाचता येतील अशा सहा अख्ख्या ओळी. मी आनंदाने इतकी ओरडले की शिपाई धावत आला.

"कसं केलंस गं?"

"आता सोपं जातं ना बाई. तुम्ही भरून दिलंत त्याच्यावर."

"मी काय भरून दिलं?"

ती हसली, मी नेहमीची थट्टा करतेय असं वाटून. "असू दे बाई, कोणाला नाय सांगत."

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात बसून मी इअरफोन लावले. आधी तिचा आवाज, भरभर, नेहमीसारखा: "मी मिठागर, माझ्यावर आता कोण चालत नाय." मग शांतता. वाऱ्याचा आवाज. आणि मग कोणीतरी तेच वाक्य हळू, तोडून, लिहून घेता येईल इतकी जागा सोडत म्हणालं:

"मी... मिठागर. झालं? पुढे. माझ्यावर... आता... झालं? पुढे."

"झालं? पुढे" ही माझी सवय आहे. शुद्धलेखन सांगताना सव्वीस वर्षं प्रत्येक तुकड्यानंतर मी हेच म्हणत आलेय. पोरं माझी नक्कल करतात ती एवढ्यावरच. आणि तो आवाज माझा होता. 'झालं'चा लांबट हेल, 'पुढे'च्या आधी नाकाने घेतलेला श्वास, सगळं. मागे, फार लांबून, खरखर खरखर असं काहीतरी, कोरड्या जमिनीवरून जड वस्तू ओढल्यासारखं.

मी तो फोन त्या आठवड्यात हातातही घेतला नव्हता.

माणसाने अशा वेळी गप्प बसावं. पण माझ्याकडून ते होत नाही. मी तिथल्या तिथे अख्ख्या खोलीला सांगितलं.

"खेकडा परत आला वाटतं," गणिताच्या बाई म्हणाल्या. "बघू." त्यांनी एक इअरफोन कानात घातला, ऐकलं आणि भुवया वर गेल्या. "अहो, हा तर तुमचाच आवाज!"

"तेच तर सांगतेय!"

"नाही, म्हणजे तुम्हीच हे भरलंय."

"मी नाही भरलं!"

"दोनने भागू की चारने?"

दारात मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी फोन घेतला, शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे माझ्या हातात परत दिला. त्यांचा राग मला चालतो. त्यांची शांतता मला आवडत नाही. "पंधरा दिवस रद्द," ते म्हणाले. "या शनिवारी, अकरा वाजता, माझ्या केबिनमध्ये. तिने माझ्यासमोर बोलायचं, माझ्यासमोर ऐकायचं, माझ्यासमोर लिहायचं. तुम्हीही समोर बसायचं. गप्प. जमेल?"

"मिठाची गुळणी धरायला लावा, सर," गणिताच्या बाई म्हणाल्या. सगळे हसले.

"धरते," मी म्हटलं. "तोंडात मिठाचं पाणी धरून बसते. मग तर झालं?"

शुक्रवारी मी घरी न जाता मुलीबरोबर बाळकुमला गेले. टॉवरच्या मागून एक पायवाट उतरते, ती थेट मिठागरात. चौकोनी वाफे, त्यांचे खचलेले बांध, कडेला तिवरं. वाफ्यांत वीतभर पाणी आणि त्यात टॉवर उलटे उभे. गाड्यांचे हॉर्न वर रस्त्यापर्यंत ऐकू येत होते. पायवाट उतरलो आणि कानात बोळे घातल्यासारखं झालं. भर पावणेपाचला, लख्ख उजेडात, एक पक्षी नाही.

"इथे मीठ कधीपर्यंत पिकत होतं गं?"

"मी पाह्यलं नाय कधी. आई लहान होती तवा बंद झालं. आज्या बोलायचा, मिठात राबलेल्या माणसाचं सरणावर सगळं जळतं, पाय नाय जळत. मीठ धरून ठेवतं."

"मग? आज्याचे?"

"आईला विचारा," ती म्हणाली आणि फोन काढला.

पाच वाजले. ती बांधावर उकिडवी बसली आणि बोलू लागली. मी तिला "मोठ्याने बोल" म्हणायला गेले, आणि आवाज नव्हता. जीभ खारट. मी दोन्ही हातांनी गळा धरला. ती सहा-सात मिनिटं बोलली असेल. तेवढा वेळ, मी छातीवर हात ठेवून सांगते, तिच्याशिवाय तिथे एक चकार शब्द कोणी काढला नाही. मी तर काढूच शकत नव्हते.

मग तिने ते परत लावलं. आणि फोनमधून मी बोलू लागले. "मी... मिठागर. झालं?"

मागची खरखर आता जवळून येत होती, आणि या वेळी ती मला समजली. ओलं मीठ वाफ्यातून बांधाकडे ओढताना लाकडी फळीचा होतो तो आवाज. लहानपणी मी तो कळव्याच्या बाजूला ऐकलाय. समोरच्या वाफ्यात पाणी हलत नव्हतं.

मुलगी मान खाली घालून लिहीत होती, निवांत, घरच्या माणसाजवळ बसल्यासारखी. भीती फक्त मला होती. आणि मला भीती कसली होती ते तिथेच कळलं: त्या आवाजाची नव्हती. उद्या केबिनमध्ये तो आला तर मी खोटी ठरणार, आणि नाही आला तर तिचं पान कोरं राहणार. दोन्ही बाजूंनी सतरा नंबर.

शनिवारी अकरा वाजता केबिनमध्ये चौघं होतो. मुख्याध्यापक, साक्षीदार म्हणून गणिताच्या बाई, मुलगी आणि मी. टेबलावर पेपरवेटखाली तो फॉर्म, आधीच भरलेला. फक्त आईची सही बाकी. गणिताच्या बाईंनी स्वतः पेल्यात मीठ कालवलं. दोन चमचे टाकले असतील, तिसरा मी मनाने धरते. मी तोंड भरून घेतलं आणि गाल फुगवून खुर्चीत बसले.

मुलगी बोलली. सुंदर बोलली. "माझ्यावर राबलेल्या माणसांचे पाय मी कोणाला देत नाय," हे वाक्य आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी टेबलाखालचे पाय मागे ओढून घेतले. ते मी पाहिलं. तिचं बोलून झालं, सरांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि लावला.

फोनमधून तिचाच आवाज आला. भरभर. पंख्याची घरघर. बस. मधे कोणी थांबलं नाही, कोणी तोडून सांगितलं नाही.

मुलीने सवयीने वाट पाहिली. मग फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. सर म्हणाले, "लिही." तिने 'मी मि' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. सरांनी परत लावलं. परत तेच. तिच्या नाकावर घाम आला आणि कागदावर पडला. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

माझ्या तोंडात पाणी, आणि पाण्यामागे सगळी वाक्यं तयार. थुंकून एक शब्द बोलले असते तर पोर लिहू लागली असती आणि शाळेतून गेली असती. गप्प राहिले असते तरी गेली असती. मी खुर्चीचे हात धरले. आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नव्हते.

"मी... मिठागर," मी म्हणाले. "झालं? पुढे."

मला वाटलं, मीच म्हणाले. संपलं सगळं. मग लक्षात आलं की गाल तसेच फुगलेले आहेत. पाणी तोंडातच आहे.

गणिताच्या बाईंनी झटकन माझ्याकडे बघितलं. सरांनी फोनकडे बघितलं आणि तो बंद केला. पडदा काळा झाला.

"माझ्यावर... आता... कोण... चालत नाय. झालं? पुढे."

आवाज फोनमधून येत नव्हता. कुठून येत होता ते मी सांगू शकत नाही. मुलीचं डोकं वहीवर वाकलेलं होतं. गणिताच्या बाई नंतर म्हणायला लागल्या की पोरगी नकला चांगल्या करते, तिनेच स्वतःला सांगितलं असणार. असेल. पण मी बाजूला बसले होते आणि तिचे ओठ मिटलेले होते. हे मी शपथेवर सांगते. माझ्या शपथेची किंमत काय ते तुम्हाला आता माहीत आहेच. खुद्द गणिताच्या बाई तेव्हा उठून माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी बोटाने माझा गाल दाबून पाहिला. पाण्याचा एक थेंब त्यांच्या बोटावर आला. तो पुसायचं त्यांना सुचलं नाही. तशाच उभ्या राहिल्या.

मुलगी लिहीत गेली. टिंबं चुकली, वेलांट्या पळाल्या, पण ओळीखाली ओळ येत गेली. तास संपायला तीन मिनिटं असताना तिने पेन खाली ठेवलं आणि बोटं मोडली.

सरांनी पान उचललं आणि वाचलं. त्यांना वाचता आलं. मग त्यांनी फोन लावून तिचं बोलणं आणि पान ताडून पाहिलं, बोट फिरवत, एकेक ओळ. सगळं जुळलं. शेवटी बोट थांबलं.

"हे शेवटचं तू बोलली नव्हतीस."

पानावर शेवटची ओळ होती: माझं झालं. आता पुढे तू.

"सांगितलं तसं लिहिलं, सर," मुलगी म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. सरांनीही बघितलं. मी गाल फुगवून बसले होते. मी काहीच सांगू शकत नव्हते, आणि देवाशप्पथ, पहिल्यांदाच मला काही सांगायचंही नव्हतं.

सरांनी पान बाजूला ठेवलं. मग पेपरवेट उचललं, फॉर्मची घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली. "नाव राहू द्या हिचं," ते म्हणाले. "आणि बाई, जा. थुंका आता ते."

मी बेसिनपाशी गेले आणि गुळणी टाकली. पाणी गोडं होतं. नळाचं येतं तसं, गोडं. दोन चमचे मीठ कुठे गेलं ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर फोनमध्ये तो आवाज आला नाही. मुलीला स्वतःलाच शिकावं लागलं. ती बोलताना प्रत्येक तुकड्यानंतर आपणच जागा सोडायला लागली. मार्च उजाडायच्या आधी ती प्रवेशपत्र दाखवायला घरी आली, डोंबिवलीला, आईला घेऊन. शाळेचं नाव छापलेलं होतं; आईने त्यावरून दोनदा हात फिरवला. मी आईला आज्याच्या पायांचं विचारलं. "ते नका विचारू, बाय," ती म्हणाली, आणि चहा संपवला.

निघताना मुलगी दारात घुटमळली. "बाई, फोन अजून ठेवू? ताईला पाहिजे. तिनं आपल्या मनानं सतरा नंबर भरलाय. मॉलमधून सुटली की जाते बांधावर."

"ठेव," मी म्हटलं.

आता मोठीची पाळी. ज्या दिवशी तिची मॉलची सकाळची ड्यूटी असते, त्या दिवशी पाच वाजता माझा आवाज जातो. बोलता बोलता, वाक्याच्या मधेच. नवरा घड्याळाकडे बघतो आणि टीव्हीचा आवाज कमी करतो. जीभ खारट होते. लेक म्हणते, आई, पाणी पी ना, बरं वाटेल. मी मान हलवते आणि पेला बाजूला सरकवते. तिकडे बांधावर मोठीचं लिहून व्हायचं असतं.